खैरडोहचे पंतोजी आणि येसूची वजाबाकी

फार मागची गोष्ट. नदीकाठच्या खैरडोह गावात त्र्यंबकपंत नावाचे पंतोजी देवळाच्या ओसरीवर शाळा भरवत. पोरं पाटीवर धूळ पसरून बोटानं गणितं मांडत. उत्तर चुकलं की पंतोजी एका फटक्यात धूळ सपाट करत. असं म्हणतात, की चुकलेलं गणित दिसलं तर त्यांना त्या दिवशी जेवण जात नसे.

हैबती धनगराचा पोरगा येसू चलाख, पण त्याची वजाबाकी कायम चुके. शेवटी पंतोजींनी निरोप धाडला, पोराला घेऊन जा. हैबती आला. "चल रं मेंढरांमागं. तिथं पाटी लागत न्हाई." येसू ओसरीचा खांब सोडेना.

पंतोजींना ते बघवेना. ते म्हणाले, "एक शेवटचं गणित कर. बावन्नातून अडतीस वजा."

येसूनं लिहिलं, सव्वीस. पंतोजींचा हात पुसायला उठला आणि तसाच थांबला. जन्मात पहिल्यांदा त्यांनी विचारलं, "हे कसं केलंस रे?"

"तुमीच सांगितलं की! ल्हानातनं मोठं जात न्हाई, मोठ्यातनं ल्हान काडायचं. पाचातनं तीन काडलं. हिकडं दोन ल्हान, म्हून आठातनं दोन काडलं."

पंतोजी येसूशेजारी मांडी घालून बसले. पोरानं त्यांचाच शब्द तंतोतंत पाळला होता. अशी आणखी किती पोरं आपण घालवली असतील?

"हैबती, राहू दे त्याला. शिकायचं मला आहे."

"मग पंतोजी कोन म्हनायचं? तुमी का ह्यो?"

"तूर्त दोघंही."

त्यांनी काड्या मागवल्या, दहा-दहाच्या जुड्या बांधल्या. पाच जुड्या आणि दोन सुट्या. अडतीसातल्या आठ सुट्या देता येईनात, तेव्हा येसूनं आपणहून एक जुडी सोडली. चौदा उरल्या. हैबती एकटाच मेंढरांकडे परतला.

असं म्हणतात, की पुढे नुसतं चुकलेलं उत्तर बघून पोर कुठल्या वळणावर भरकटलं ते पंतोजी सांगत. परगावची माणसं चुकलेल्या गणितांच्या पाट्या धोतरानं झाकून बैलगाडीनं येत. असंही म्हणतात, की वावटळ सुटली तर ओसरीवरची बरोबर उत्तरं उडून जात, पण चुकलेल्या गणिताचा एक कण हलत नसे. खरंखोटं नदीला ठाऊक.

आजही खैरडोहात नवा शिक्षक आला की कुणी हारतुरे आणत नाही. एक मूल त्याच्यापुढे धुळीत आपलं खरोखर चुकलेलं गणित मांडतं आणि सगळं गाव बघत उभं राहतं. जो आधी ते पुसून टाकतो, त्याला गाव जन्मभर 'साहेब' म्हणतं. जो मुलाशेजारी मांडी घालून "कसं केलंस?" विचारतो, तो पंतोजी.