पडणाऱ्याचा पहिला पेला

सात डोंगरांच्या पलीकडे एक मुलूख होता. आता तिकडे गेलात तर सहाच डोंगर दिसतील. सातव्याचं काय झालं ते पुढे येईलच, घाई करू नका.

त्या मुलखात चिमाजी वस्तादांचा एक फड होता. गावोगावच्या जत्रांत तो कुस्तीचा खेळ करी. खेळ म्हणजे अगदी खेळच. एक दुष्ट, एक सुष्ट. कोणी कोणाला कधी उचलायचं आणि कोणी कधी पडायचं, सगळं आधी ठरलेलं. शेवटी दुष्ट पाठीवर पडायचा आणि सुष्टाच्या डोक्यावर मानाचा फेटा चढायचा. लोकांना हे ठाऊक नव्हतं होय? चांगलं ठाऊक होतं. पण हलगी कडाडली, लाल माती उडाली, की आपल्याला काय ठाऊक आहे तेच ते विसरून जायचे.

फडातला दुष्ट म्हणजे गेनबा. तोंडाला काजळी फासून आखाड्यात उतरला की त्याचं नाव डोंगरखाया. एरवी हा माणूस असा, की वाटेत मुंगी आली तर तिला आधी जाऊ द्यायचा. पण एकदा का डोंगरखाया झाला! एका गावी त्याची गर्जना ऐकून शिंपी स्वतःचीच टोपी चावत बसला. दुसऱ्या गावी दूध काढता काढता एक म्हैस दावं तोडून, बादलीसकट, आखाड्यात त्याच्या अंगावर चाल करून आली. तिसऱ्या गावी एक आजोबा अकरा वर्षं अंथरुणाला खिळून होते. ते उठले, चालत आले, डोंगरखायाच्या पाठीत काठी घातली आणि परत जाऊन झोपले.

सुष्ट म्हणजे दौलती. पंचवीस-सव्वीसचा, उंचापुरा, हसला की निम्मं गाव हसायचं. खेळाच्या शेवटी तो गेनबाला दोन्ही हातांनी डोक्यावर उचलायचा, गरगर फिरवायचा आणि धाडकन आपटायचा. साडेतीन मणांचा गडी! लोक म्हणायचे, "काय ताकद आहे पोरात!" दौलतीही मनात तेच म्हणायचा.

खेळ संपला की वस्ताद बदामाची थंडाई घोटत. पहिला पेला पडणाऱ्याला, अशी फडाची रीत होती. वस्तादांच्या वस्तादांपासून चालत आलेली. सात वर्षं तो पेला गेनबाला जात होता, आणि सात वर्षं दौलतीला ती थंडाई कडू लागत होती.

शेवटी एकदा त्याच्या तोंडून निघून गेलंच.

"वस्ताद, जिंकतो मी आणि पेला ह्याला? डोळे वटारायचे, मिशा पिळायच्या आणि धपकन पडायचं. त्यात काय एवढं?"

वस्तादांनी घोटणं थांबवलं नाही. "उद्या कातळवेढ्याची जत्रा आहे. तू हो दुष्ट. गेनबा सुष्ट होईल. तू पड, पेला तुझा."

गेनबा हळूच म्हणाला, "वस्ताद, कातळवेढं आहे. जरा विचार करा."

त्याची भीती खोटी नव्हती. कातळवेढ्याची एक रीत साऱ्या मुलखाला माहीत होती. खेळ संपण्याआधी लोक उठून गेले, की गावकरी फडाची हलगी आखाड्यात उपडी घालत. मग आसपासच्या बावीस गावांतलं एकही गाव त्या फडाला आखाडा देत नसे. तसे दोन फड मोडलेले होते. एका फडातले मल्ल आता मेंढ्या राखत होते.

"केला विचार," वस्ताद म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दौलती काजळी कालवत बसला होता. तेवढ्यात गेनबा गावातून फिरून आला. त्याला दौलतीने मघाशी विहिरीपाशी पाहिलं होतं. एक म्हातारी त्याला पाणी शेंदून देत होती. गेनबा ओंजळीने ते प्याला आणि मग वहाणा काढून चक्क विहिरीच्या पाया पडला.

"काय गेनूदा, सुष्ट झालास म्हणून लगेच देवदेव?"

"तसं नाही रे. प्रत्येक गावी बघून ठेवतो."

"काय बघतोस?"

"गावाचा जीव कशात आहे ते. ही विहीर सतरा बायकांनी खणली म्हणे. दुष्काळात पुरुषांनी पहारी टाकल्या, तेव्हा ह्यांनी उचलल्या. दोन वर्षं कातळ फोडला. त्यातली एकच उरलीय आता, ती सरूआत्या. तिनंच पाणी दिलं मला."

"बरं बरं," दौलती म्हणाला आणि आरशात बघून डोळे वटारायला लागला.

दुपारी खेळ सुरू झाला. चारी बाजूंनी माणूसच माणूस. दौलती मिशा पिळत आत आला, शड्डू ठोकला आणि भयंकर गर्जना केली.

पुढच्या रांगेतली एक बाई शेजारणीला म्हणाली, "किती गोड ओरडतंय गं लेकरू!"

दौलतीने आणखी डोळे वटारले. लहान पोरं टाळ्या पिटायला लागली. त्याला घाम फुटला. काहीतरी लागट बोलायला हवं म्हणून तो ओरडला, "तुम्ही सगळे बावळट आहात!"

"पाटलासकट!" मागून कोणीतरी पुस्ती जोडली. सारं गाव हसलं. पाटील तर सगळ्यांत जास्त हसले.

आता दौलतीची कानशिलं तापली. समोर गेनबा पांढरा लंगोट नेसून शांत उभा होता. दौलती त्याच्यावर धावला आणि ठरलेलं सगळं विसरून त्याने उलथून टाकणारी ढाक मारली. खरीखुरी. ज्याला टाकायचं त्याच्या मानेखाली आपला तळवा ठेवायचा असतो. खेळाच्या मध्यात दौलतीला टाकताना गेनबा सात वर्षं तो ठेवत आला होता. दौलतीला मात्र तो कधी दिसलाच नव्हता, कारण तेव्हा त्याचे डोळे लोकांकडे असायचे.

गेनबा डाव्या खांद्यावर पडला. कट्‌ असा आवाज झाला.

हसू थांबलं. लोकांना राग आला नाही. ते घाबरले. एका आईने मुलाचे डोळे झाकले आणि त्याला कडेवर घेतलं. एक रांग उठली, मग दुसरी. पाटील गंभीर झाले आणि त्यांचा माणूस हलगीकडे चालू लागला. वस्ताद जागच्या जागी थिजले. दौलतीला डोळ्यांपुढे मेंढ्या दिसू लागल्या.

इतक्यात मातीतून हसू ऐकू आलं.

हळू, घोगरं हसू. गेनबा उठत होता. डावा हात लोंबत होता.

"बसा खाली! कोण उठलं रे?"

उठलेले होते ते बसले. का बसले, ते त्यांना अजून सांगता येत नाही.

"तुम्हाला वाटलं, हे पोर दुष्ट? अरे, हे मला धरायला आलंय! मी ओळखू नये म्हणून तोंड काळं केलंय त्यानं." गेनबा दौलतीजवळ गेला. त्याने उजव्या हाताने दौलतीच्या गालावरची काजळी पुसली आणि ती स्वतःच्या तोंडाला फासली. मग तो लोकांकडे वळला. "डोंगरखाया मी आहे!"

वारा पडला. झाडावरचे कावळे मान आत घालून बसले.

"सकाळी तुमच्या त्या सतरा जणींच्या विहिरीचं पाणी प्यालो," डोंगरखाया म्हणाला. "थू! असल्या पाण्यात मी माझी म्हैस धुणार नाही. दोन वर्षं खणलं आणि हे काढलं? त्यापेक्षा घरी बसून भाकऱ्या थापल्या असत्या तर पोट तरी भरलं असतं कुणाचं!"

आणि मग कातळवेढं फुटलं.

"माझी आजी होती त्यांत! गोदा नाव तिचं!" एक जण छाती पिटत उभा राहिला. "माझी चुलती, भागा! पहार पायावर पडली तरी थांबली नव्हती!" "आमची ठकूबाई!" "आमची राही!" नावं दगडांसारखी येऊ लागली. ज्यांना आजीचं नाव आठवत नव्हतं ते शेजाऱ्याला विचारून ओरडत होते. सोळा नावं झाली. सतरावी जिवंत होती, ती नाव घेत बसली नाही. सरूआत्याने पायातली वहाण काढली आणि नेम धरून डोंगरखायाच्या कपाळावर हाणली.

"हाण पोरा! सोडू नको त्याला!" सारं गाव एका गळ्याने ओरडत होतं. मघाशी ज्याला कोणी घाबरत नव्हतं, त्याच्यासाठी आता सगळे जीव टाकत होते. दौलती पुढे झाला. गेनबाने त्याला एका हाताने मिठी मारली आणि कानात म्हणाला, "आता उचल. नेहमीसारखा."

दौलतीने कमरेत हात घातला आणि जोर लावला. गेनबा हलला नाही.

पुन्हा जोर लावला. मानेच्या शिरा फुगल्या. साडेतीन मण जागचे तसूभर हलले नाहीत.

तेव्हा कुठे दौलतीला उमगलं. सात वर्षं त्याने ह्या माणसाला फुलासारखं उचललं होतं. छे! उचललं कुठे होतं? प्रत्येक वेळी गेनबा त्याच्या खांद्यावर हात रोवून स्वतःच उडी घेत होता. इतकी बेमालूम, की उचलणाऱ्यालाही कळू नये. आज एक हात गेला होता, म्हणून पहिल्यांदाच दौलतीला त्याचं खरं वजन लागलं.

"गेनूदा," तो पुटपुटला, "मला नाही रे जमत."

"ठाऊक आहे. थांब, एका हातावर घेतो. तीन म्हटलं की वर बघ आणि दातओठ खा."

"तुझा खांदा..."

"गप. लोक बघतायत. तीन!"

दौलतीने वर पाहिलं. साडेतीन मणांचा तो डोंगर एका हातावर उसळला आणि अलगद त्याच्या डोक्यावर जाऊन आडवा झाला. वरून वेदनेचा हुंकारसुद्धा आला नाही. आली ती डोंगरखायाची बोंब: "सोड मला! सोड!" दौलतीने त्याला फिरवलं. आणि खाली टाकताना, आयुष्यात पहिल्यांदा, त्याने आपला तळवा त्या मानेखाली ठेवला.

लोकांनी विहिरीचं पाणी तांब्यात आणलं. "पाज त्याला! सांगायला लाव कसं आहे ते!" डोंगरखाया गटागटा प्याला. त्याने तोंड पुसलं, मान खाली घातली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "गोड आहे."

त्यावर जी आरोळी उठली, तिने सातवा डोंगर बसला. अजून उठलेला नाही. खोटं वाटत असेल तर जाऊन मोजून या.

संध्याकाळी वैदूने खांदा बसवून हात गळ्यात बांधला. सरूआत्या आली. आधी तिने आपली वहाण मागून घेतली. मग हळदीच्या तेलाची वाटी गेनबापुढे ठेवली.

"मेल्या," ती म्हणाली, "सकाळी तूच पाया पडला होतास ना विहिरीच्या?"

गेनबा लाजला.

"चाळीस वर्षांत त्या पोरींची नावं गावानं अशी घेतली नव्हती. पुढल्या साली पण ये. आणखी वाईट बोल." तिने पदराने डोळे पुसले. "वहाण मी तयार ठेवते."

वस्तादांनी थंडाईचा पहिला पेला भरला. "दौलती, आज दुष्ट व्हायला तू गेला होतास. घे."

दौलतीने पेला घेतला. तो गेनबासमोर मांडी घालून बसला. गेनबाचा एक हात बांधलेला आणि दुसरा उडी घेऊन भरून आला होता, म्हणून दौलतीने पेला दोन्ही हातांनी त्याच्या ओठांना लावला. मग तळाशी उरलेला घोट स्वतः प्याला.

सात वर्षांत ती थंडाई त्याला पहिल्यांदा गोड लागली.

तात्पर्य: दुष्टाचं सोंग त्यालाच पेलतं, ज्याला लोकांचा जीव कशात आहे ते कळतं आणि दुसऱ्याला उंच दाखवण्यासाठी स्वतः पडण्याचं बळ ज्याच्या अंगी असतं; म्हणून कुणी आपल्या डोक्यावर फेटा बांधला, की त्या दिवशी आपल्यासाठी कोण पडलं ते आधी पाहावं.