सातही तास रविवारी

गडहिंग्लजच्या एका निवासी शाळेचे अध्यक्ष डफळे भाऊसाहेब बैठकीत आले, की मुख्याध्यापकांचीही बोबडी वळायची. स्कॉलरशिपच्या जादा वर्गांसाठी त्यांनी मुलांचा रोजचा खेळाचा तास बंद केला. म्हणाले, "आठवड्याचे सातही तास रविवारी सलग खेळून घ्या!"

खेळाच्या नव्या बाई केतकी कुंभोजकर भीतभीत उभ्या राहिल्या. "सर, मुलं रोज तासभर धावली-खेळली, तरच पुढे त्यांचं हृदय चांगलं राहतं. आत्ताच पाचवीची पोरं जिना चढताना धापा टाकतात."

"बाई, तुमची नोकरी अजून पक्की व्हायचीय ना?"

तेवढ्यात शिपायाने भाऊसाहेबांसमोर ब्लडप्रेशरची गोळी आणि पाणी ठेवलं.

"सर... एकच गोळी?" केतकीने विचारलं.

"रोज एक. एक दिवस चुकली तरी डॉक्टर ओरडतात."

"मग सातही रविवारी एकदम का नाही घेत?"

केतकीने डोळे गच्च मिटून घेतले.

भाऊसाहेबांनी गोळी गिळली. "मुख्याध्यापक, खेळाचा तास उद्यापासून रोज. आणि बाई, आता डोळे उघडा."