वाटीवरचा हात

"पण एका गोळीनं झोप लागत नसेल, तर दोन घ्यायला काय हरकत आहे?"

विचारणारी शर्वाणी. मठाच्या ओसरीवर बसलेली. मांडीवर सात महिन्यांचा मुलगा, शेजारी गोळ्यांची डबी.

समोर सुमतीआक्का मेथी निवडत होत्या. मठात येण्याआधी त्यांनी गावात दवाखाना चालवला होता.

"कसली गोळी?"

"मॅग्नेशियमची. रात्री पोटऱ्यांत गोळे येतात, आक्का. म्हणून मी सगळं वाचून काढलं."

"सगळं?"

"म्हणजे... फोनवर होतं तेवढं."

आक्का हसल्या.

"आणि घेतल्यास दोन."

"घेतल्या. पहाटे, थायरॉइडच्या गोळीबरोबरच. लोहाचीही तेव्हाच. सगळं एकदम, म्हणजे विसरायला नको."

"मग?"

"पोट बिघडलं. थकवा उलट वाढला. परवा याला घेऊन उभी होते, डोळे मिटले आणि..."

तिनं मुलाला घट्ट धरलं.

"पडला?"

"नाही. पडता पडता राहिला."

आक्कांची बोटं मेथीच्या जुडीवर थांबली.

"डॉक्टरांना विचारलंस?"

"एवढ्याशा गोळीसाठी? ती तर चिठ्ठीशिवाय मिळते."



मूल कुरकुरलं. शर्वाणीनं पिशवीतून नाचणीच्या सत्त्वाची वाटी काढली. एक थेंब मनगटावर टाकून पाहिला, फुंकर घातली, पुन्हा पाहिला.

आक्का उठल्या. स्वयंपाकघरातून ताटली घेऊन आल्या. कुस्करलेलं केळं, रताळं, वरण, वर तुपाचा गोळा. ताटली त्यांनी थेट वाटीवर कलती केली.

शर्वाणीनं वाटीवर पंजा ठेवला.

"अहो आक्का, हे काय!"

"सगळं एकदम. म्हणजे विसरायला नको."

"रताळं त्यानं अजून चाखलेलंही नाही! नवीन काही द्यायचं तर एकेकच द्यायचं. कशानं बाधलं ते कळणार कसं?"

"भूक लागलीय त्याला. दुप्पट दे."

"ओकेल तो!"

"एवढ्याशा घासासाठी किती ती चौकशी..."

शर्वाणी आणखी काही बोलणार होती. तिची नजर डबीकडे गेली...

ती मुलाला एकेक चमचा सत्त्व भरवू लागली.

"थायरॉइडची गोळी पहाटे एकटीच घ्यायची?" तिनं हळूच विचारलं.

"एकटीच. बाकीच्यांना तिच्यापासून चार तास तरी लांब ठेव. लोह आणि मॅग्नेशियमही एकत्र नको."

"आणि मॅग्नेशियम?"

"आज बंद. आधी डॉक्टरांकडे जा. अंगावर पाजतेस, थायरॉइड आहे, ते सांग. मूत्रपिंडं ठीक आहेत का बघू दे त्यांना. घ्यायला सांगितलंच, तर ते म्हणतील तेवढीच, जेवल्यावर. पोट ढिलं झालं की समज, जास्त होतंय."

शर्वाणीनं डबी पिशवीच्या तळाशी सारली. मूल तिच्या खांद्यावर पेंगलं. तीही खांबाला टेकली. मेथीचा वास, ऊन, पाठीला गार दगड... कितीतरी दिवसांनी तिला बरं वाटलं.

मग पुन्हा कपाळाला आठी पडली.

"आक्का, मी स्वतःला ओळखते. घरी गेले की परत काहीतरी वाचेन, परत चुकेन. माझ्यावर लक्ष कोण ठेवणार?"

आक्कांनी मेथीची जुडी पुढं ओढली.

"मघाशी वाटीवर हात ठेवला ना एका बाईनं, तिला विचार. बाई दक्ष आहे."