भावाशिवाय सांगितलेली साक्ष

नदीकाठच्या एका गावात एकदा एक वृद्ध पाळक राहत होते. पाळक म्हणजे ख्रिस्ती मंडळीचे धर्मगुरू. सारे त्यांना पाळकबाबा म्हणत. परगावाहून आलेला शलमोन नावाचा एक तरुण शिष्य त्यांच्या हाताखाली तीन वर्षे तयार होत होता. वाणी गोड, पाठांतर चोख, आणि त्याची साक्ष तर पंचक्रोशीत गाजलेली.

रविवारच्या उपासनेत कुणीतरी उभे राहून देवाने आपल्या आयुष्यात काय केले ते सांगायचे, यालाच साक्ष देणे म्हणतात. शलमोन सांगे, "चौदाव्या वर्षी मी डोहात बुडत होतो. मी प्रभूला हाक मारली, आणि कुणीतरी मला उचलून काठावर ठेवलं." लोक डोळे पुसत. चमत्कार म्हटला की आपली माणसे किती विरघळतात, ते मी वेगळे काय सांगावे? शेजारच्या गावांहूनही त्याला बोलावणी येत.

त्या वैशाखात मार्थाबाई नावाच्या विधवेची आठ वर्षांची मुलगी विहिरीत पडून दगावली. पाळकबाबा तापाने अंथरुणावर होते, म्हणून घरभेटीला शलमोन गेला. धीर द्यायचा म्हणून त्याने तिला तीच साक्ष सांगितली. तिने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाली, "म्हणजे माझ्या लेकरानं हाक मारली नसेल." तिने दार लावून घेतले, आणि त्या दिवसापासून ती घोटभर पाण्यापलीकडे काही घेईना. बाई आता जगत नाही, असे शेजारी बोलू लागले.

पुढच्या रविवारी शलमोनने पुन्हा साक्ष दिली. सकाळचे दहा वाजले होते, बाहेर लख्ख ऊन होते. बोलता बोलता त्याची नजर फरशीवर गेली. दारापासून मधल्या वाटेने ओली पावले उमटत येत होती, लहान मुलाची, अनवाणी. चालणारे मात्र कुणीच दिसत नव्हते. पहिल्या बाकापाशी पावले थांबली आणि तिथे पाणी साचू लागले. नदीच्या गाळाचा वास सुटला. लोक डोळे पुसण्यात गर्क होते, त्यांना काही कळले नाही. शलमोनने कशीबशी साक्ष आटोपली आणि झाल्या प्रकाराबद्दल तो कुणापाशी चकार शब्द बोलला नाही.

त्यानंतरच्या रविवारी पाळकबाबा ताप उतरल्यावर प्रथमच आले. शलमोन उभा राहताच पावले पुन्हा उमटू लागली आणि या वेळी थेट त्याच्या शेजारी येऊन थांबली. तेव्हा पाळकबाबांनी एक विलक्षण गोष्ट केली. आपली खुर्ची त्यांनी तिथे नेऊन ठेवली आणि त्या मोकळ्या जागेकडे वाकून ते म्हणाले, "बस, बाळा. गारठला असशील." खांद्यावरचे उपरणे काढून त्यांनी खुर्चीवर पसरले. उपरणे हळूहळू भिजत गेले. म्हाताऱ्याच्या डोक्यात ताप गेला, असे लोकांना वाटले. शलमोन साक्ष अर्धवट सोडून खाली बसला.

उपासना संपल्यावर मागच्या खोलीत पाळकबाबांनी विचारले, "कोण आहे तो?"

"माझा धाकटा भाऊ. याकोब."

"तुझ्या साक्षीत भाऊ नाही."

शलमोनला रडू फुटले. "पोहायला मीच नेलं होतं त्याला. बुडताना त्यानं माझा हात धरला, मी झटकला. मी कुणाला हाक मारली नाही, बाबा. नुसते हातपाय मारले. मी काठाला लागलो, तो गेला."

पाळकबाबांनी त्याला जवळ बसवले. मग म्हणाले, "देवाचा मोठेपणा सांगायला निघालास आणि त्यापायी भावाला बाहेर ठेवलंस. भाऊ बाहेर ठेवून मिळालेला मोठेपणा देवाला काय करायचाय? आणि ते लेकरू जाईल कुठं? तुझी गोष्ट त्याचीही आहे, म्हणून येतं. मला त्याचं भय नाही, भय मार्थाबाईच्या जिवाचं वाटतं; शेजारी सारं सांगून गेलेत. तुझ्या गोड साक्षीनं तिच्या मेलेल्या पोरीवर ठपका ठेवला. जा, तिला खरं सांग. पवित्र शास्त्राचं पुस्तक इथंच राहू दे, त्याच्याआड लपशील."

"ती मला हाकलून देईल."

"देईलही. तरी सांग."

मार्थाबाईचे दार बंदच होते. शलमोन ओट्यावर बसला आणि बंद दाराला सगळे सांगू लागला: डोह, तो हात, तो झटका, घरी आईला सांगितलेली पहिली थाप. सांगून संपले तरी दार उघडले नाही. तो तसाच बसून राहिला. उन्हे कलल्यावर कडी निघाली.

मार्थाबाई उंबऱ्यावर टेकली. अंगात त्राण नव्हते. "मीच पाठवलं होतं तिला पाण्याला," ती म्हणाली. "मला उठायचा कंटाळा आला होता. कुणाला बोलले नाही."

दोघेही रडली. थोड्या वेळाने सवयीने शलमोनने हात जोडले, डोळे मिटले.

"प्रार्थना राहू दे आत्ता," ती म्हणाली. "आत ये. भात टाकते. दोघं जेवू, आणि तू मला याकोबचं अजून सांग."

शलमोनला पाळकपदाची दीक्षा पुढे वर्षभराने मिळाली. पण पाळक तो त्या दिवशीच झाला.