वात फडफडण्याआधी

एकदा एक शिष्य ऐन नवरात्रात मठात आला, तो खाली मान घालूनच. श्रीपाद त्याचं नाव. मठातला नंदादीप कित्येक वर्षं त्याच्याकडे होता, आणि घटस्थापनेपासून दसऱ्यापर्यंत तो त्याच्या हातून कधी विझला नव्हता. यंदा मात्र त्याचा जीव थाऱ्यावर नव्हता. त्याच्या बायकोला, कुमुदला, कर्करोगाने गाठलं होतं आणि दुखणं हाडांत उतरलं होतं.

मठातल्या वृद्ध बुवांनी विचारलं, “कुमुद कशी आहे रे?”

“शहरात उपचार चाललेत. डॉक्टरांनी वेदनेसाठी मॉर्फिनच्या गोळ्या दिल्यात, ठरल्या वेळी द्यायला सांगितल्यात. पण बुवा, मी त्या कुलपात ठेवतो. अगदीच असह्य झालं, तरच एखादी काढून देतो. थोरल्या भावाला व्यसनाने नेलं, ते या डोळ्यांनी पाहिलंय. तिची तशी गत व्हायला नको.” मग जरा समाधानाने म्हणाला, “हल्ली ती मागतही नाही. सोसायला शिकलीय.”

बुवांची नजर तेल उतरलेल्या दिव्याकडे गेली.

श्रीपाद सवयीने उठला आणि तेलाची पळी घेऊन दिव्यापाशी गेला. बुवांनी त्याचा हात धरला. “राहू दे. अजून जळतोय ना? फडफडला की घालू.”

आता गुरूच सांगतायत म्हटल्यावर काय करणार? बसला बिचारा. ज्योत बारीक झाली, वात तडतडली, धूर येऊ लागला. बुवा आपले डोळे मिटून स्वस्थ. शेवटी श्रीपादला राहवेना. गुरूची आज्ञा मोडून त्याने तेल घातलं.

“क्षमा करा बुवा. पण फडफडेपर्यंत थांबायचं नसतं. मग वातच जळायला लागते.”

“तर मग भरपूर ओतून मोकळं व्हावं.”

“छे, वात बुडते. वेळेवर आणि मापानेच घालावं लागतं. तुम्हीच तर शिकवलंत.”

“शिकवलं खरं,” बुवा म्हणाले, “पण ते इथेच ठेवून तू घरी गेलास. डॉक्टरांनी माप दिलं, वेळ दिली. ते आपल्या मनाने वाढवू नये हे तुला कळतं, तसं कमीही करू नये. व्यसनाची भीती वाटते, तर ती डॉक्टरांपुढे बोल. कुमुद फार गुंगीत गेली, तिचा श्वास मंदावला, तर क्षणभर न थांबता त्यांना गाठ. कुलूपही असू दे, घरात लेकरं येतात-जातात. पण ते तिच्यासाठी नको. आणि ती सोसायला शिकली नाही रे बाबा. मागितलं की तुझा चेहरा कसा होतो, ते तिने पाहिलंय.”

श्रीपादच्या डोळ्यांत पाणी आलं.

“जा घरी. दिव्याकडे आज मी बघतो.”

वाटेतच त्याने डॉक्टरांना फोन लावला. आपण काय करत होतो ते न लपवता सांगितलं आणि आता कसं द्यायचं ते नीट विचारून घेतलं.

कुमुद भिंतीकडे तोंड करून पडली होती. वेळ झाली तशी त्याने गोळी आणि पाण्याचं भांडं पुढे केलं.

“अहो, मी मागितली नव्हती.”

“आता मागायची नाही. वेळ झाली की मीच देणार.”

तिने गोळी घेतली. मग त्याचा हात ओढून तिने आपल्या कमरेवर ठेवला.

“इथे दुखतं,” ती म्हणाली. “फार दुखतं हो.”