सोनबाचा गवा

त्या माळावर दरवर्षी फाल्गुनात वणवा लागायचा आणि दरवर्षी ससे पळायचे. माळाच्या तीन बाजूंना उभे कडे होते. चौथ्या बाजूला एक अरुंद खिंड आणि खिंडीपलीकडे नदी. जो नदीपर्यंत पोचायचा तो जगायचा. ह्यापलीकडे त्या राज्यात कायदा असा नव्हताच.

पळायला उसंत मिळावी म्हणून सशांनी एक रीत पाळली होती. माघ संपता संपता सगळा गाव बिळांच्या खालच्या अंगाला एका ओळीत बसायचा आणि ह्या कड्यापासून त्या कड्यापर्यंत गवत खात खात पुढे सरकायचा. मागे उरायची ती नुसती लाल माती. तिला ते पट्टा म्हणत. वणवा पट्ट्यापर्यंत यायचा, तिथे अडखळायचा, आणि तेवढ्या वेळात ससे खिंड गाठायचे. ह्या कामातून कोणाची सुटका नव्हती. दात दुखतोय म्हणून कोणी घरी बसला, तर पुढे वर्षभर त्याच्या घरचं पाणी कोणी पीत नसे.

ह्या गावात सोनबा नावाचा ससा होता. त्याची बायको गोजरा आणि एकुलती एक लेक ठकी. ठकीचा मागचा एक पाय जन्मापासून आखडलेला. आदल्या वर्षीच्या वणव्यात सोनबाने तिला पाठीवर घेतलं आणि तो पळाला. खिंडीच्या तोंडाशी त्याचा ऊर फुटायची वेळ आली. ठकीच्या कानांवरचे केस करपले, पण पोर वाचली. नदीकाठी धापा टाकत पडलेला असताना त्याला एकच गोष्ट दिसत राहिली. गावातल्या पाच-सहा घरांनी तेव्हा नुकतेच गवे घेतले होते, आणि ती मंडळी गव्यांच्या पाठीवर बसून, धुरळा उडवत, सगळ्यांच्या आधी खिंडीतून पार झाली होती.

"पुढच्या वर्षी ही आणखी जड होणार," सोनबा म्हणाला. "आणि मी आणखी म्हातारा."

"होईल काहीतरी," गोजरा म्हणाली.

"काहीतरी म्हणजे काय होईल, ते सांग ना!"

गोजराने ठकीच्या करपलेल्या कानांना पाणी लावलं. तिलाही तीच भीती होती. त्या दिवसापासून सोनबाच्या छातीत जी धडकी भरली, ती गेलीच नाही.

गव्यांचा बाजार तरस भरवत असे. तरस सदा हसत असायचा, आणि ते हसू ऐकलं की सशाच्या अंगावर काटा यायचा. पण गरजवंताला अक्कल नसते म्हणतात, ते काही खोटं नाही.

"या, या, सोनबाशेठ!" तरस म्हणाला. सोनबाला जन्मात कोणी शेठ म्हटलं नव्हतं. "लेकीसाठी घेताय ना? बापाने असं असावं. हा बघा. काळा कुळकुळीत. चार खुरांत वारा बांधलाय. आजच नेलात तर गळ्यातली घंटा आपल्याकडून फुकट."

सोनबाने गव्याकडे पाहिलं. पाहायला मान इतकी वर करावी लागली की त्याचे कान पाठीला टेकले. किंमत ऐकून त्याने घरातलं सगळं हिवाळ्याचं गवत द्यायचं कबूल केलं. तरस हसला आणि म्हणाला, ही नुसत्या गव्याची झाली. शिंगं वेगळी. शेपटी वेगळी, बिनशेपटीचाही नेता येतो, पण मग माश्या तुम्हालाच वाराव्या लागतील. कानावर डाग दिल्याशिवाय वाटेवर आणता येत नाही, तो डाग वेगळा. शिवाय गव्याला काही झालंच तर भरपाई देऊ, असं साळिंदराने लिहून दिलेलं पान जवळ हवं, ते दरवर्षी नवं. चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला! जे कमी पडलं त्याच्यासाठी तरसाने तोड काढली. सोनबाने दर पौर्णिमेला दहा भारे गवत आणून टाकायचं, सात वर्षं. ससा सात वर्षं जगतोच असं नाही. हे दोघांनाही माहीत होतं.

बाजाराची वेस ओलांडून गव्याने बाहेर एक पाऊल टाकलं मात्र, मागून तरसाचा नोकर ओरडला, "जुना झाला! आता परत आणलात तर निम्म्यात!" सोनबाला वाटलं, गंमत करतोय.

गावात गवा आला तेव्हा काय ते कौतुक! गोजराने त्याच्या खुरांवर पाणी घातलं, कपाळाला माती लावली. शेजारच्या बिळातला दगडू, सोनबाचा बाळमित्र, गव्याभोवती तीन फेऱ्या मारून म्हणाला, "लेका, नशीब काढलंस!" आणि पुढच्याच पौर्णिमेला त्यानेही गवा आणला. ठकीला त्या दिवशी गव्याच्या पाठीवर बसवलं. वरून तिला खिंड दिसली आणि खिंडीपलीकडे नदीची चमकही दिसली. ती टाळ्या वाजवू लागली. सोनबाच्या डोळ्यांत पाणी आलं.

ठकी गव्यावर बसली ती तेवढीच.

कारण गवा खायचा. किती खायचा, हे तरसाने सांगितलं नव्हतं आणि सोनबाने विचारलं नव्हतं. सशाच्या घराला आठवडाभर पुरेल एवढं गवत त्याच्या न्याहारीला लागे. जवळचं संपलं, मग लांबचं आणावं लागलं. लांब जायचं तर गव्यावरूनच जायला हवं. सोनबा उजाडताच निघायचा, गव्याच्या पाठीवर भारे लादायचा, आणि परत येईपर्यंत गव्याला इतकी भूक लागलेली असे की निम्मे भारे वाटेतच संपत. पाठीवर ठकीला बसायला जागा उरायची नाही. ती आपली लंगडत लंगडत आईबरोबर रोज कुरणात जायची आणि आणखी एक भारा ओढत आणायची.

गवा खोकायचाही. खोकला की सोनबा खुरं तासणाऱ्या मुंगसाला बोलवायचा. मुंगूस गव्याच्या पोटाला कान लावायचा, मान हलवायचा आणि म्हणायचा, "मालक, खोकला राहू द्या. गुडघा ऐकलात का?" सोनबाने गुडघा ऐकलेला नसे. पण एकदा सांगितल्यावर त्याला तो ऐकू येऊ लागे. चालताना, बसताना, जेवताना. गुडघा बरा झाला की मान, मान झाली की मागचं डावं खूर. एकदा गव्याने दगडाला घासून घेतलं आणि बरगडीवर ओरखडा उठला. सोनबा साळिंदराचं पान घेऊन धावला. साळिंदराने पान उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाला, "ह्यात पडणं आहे, मरणं आहे. घासणं नाही."

दुसरा ओरखडा दगडूच्या गव्याच्या शिंगाने उठला. दोघे मित्र त्या बोटभर रेघेवरून असे भांडले की एकमेकांच्या मेलेल्या बापांपर्यंत गेले. त्यानंतर दोन बिळांमधलं बोलणं बंद झालं. सोनबा आता रोज सकाळी बाहेर आला की आधी गव्याच्या अंगावरून नजर फिरवायचा, मग लेकीकडे पाहायचा.

"अहो, तुमच्या मांड्या बघा," गोजरा एकदा म्हणाली. "काटक्या झाल्यात नुसत्या. जरा चालत जा ना कुठेतरी."

"दारात गवा असताना चालत जाऊ? लोक काय म्हणतील, गवा विकला वाटतं!"

"आणि ठकी चालतेय, ती?"

"तिच्यासाठीच चाललंय हे सगळं!" सोनबा ओरडला. तो खोटं बोलत नव्हता. गोजराला त्याचीच भीती वाटली.

होता होता घरोघरी गवे झाले. वाटेवर चालणाऱ्याला जागा राहिली नाही. त्या वर्षी माळावर अकरा पिल्लं खुरांखाली गेली. आदल्या वर्षी वणव्यात तीन गेली होती, तेव्हा सगळ्या गावाने महिनाभर सुतक पाळलं होतं. ह्या अकरांचं ज्याचं त्याने पाळलं. लोक म्हणाले, वाईट झालं, पण पोरांनीही बघून चालावं.

आता एवढे गवे बांधायचे कुठे? बिळांपुढे एकच मोकळी, सपाट जागा होती. पट्टा. पहिल्यांदा एकाने तिथे खुंटी ठोकली, मग दुसऱ्याने. खुंटीशेजारी वैरण हवी म्हणून गंज्या रचल्या गेल्या. ह्या कड्यापासून त्या कड्यापर्यंत गवे आणि गंज्या, गवे आणि गंज्या. उन्हाने गंज्या अशा वाळल्या की हात लावला तर कुरकुर वाजायच्या.

माघ सरत आला. ओळीत बसायच्या दिवशी जेमतेम नऊ जण आले. चार म्हातारे, तीन गरीब, आणि गोजरा न् ठकी. बाकीचे वैरणीला गेले होते. सोनबा मुंगसाकडे होता. गव्याने दोन दिवस पाणी तोंडात घेतलं नव्हतं. नऊ जण पट्ट्यावर उभे राहिले. समोर गंज्या. त्या खायच्या कशा? त्या लोकांच्या होत्या. थोडा वेळ थांबून ते आपापल्या घरी गेले.

फाल्गुनाच्या आठव्या दिवशी, ऐन दुपारी, वाऱ्यावर धुराचा वास आला.

सोनबा त्या दिवशी घरी होता. वर्षभर ज्या क्षणासाठी जिवाचं रान केलं तो क्षण आला होता, आणि गवा दारात होता, पोटभर खाल्लेला, खुरं तासलेली. त्याने ठकीला उचलून पाठीवर बसवलं. गोजरा मागे चढली. वेसण ओढताच गवा निघाला, चांगला दुडक्या चालीने निघाला. "बघ!" सोनबा ओरडला. "बघ गोजरा, मी म्हणत नव्हतो?"

पण खिंडीच्या वळणावर गवा थांबला. पुढे दगडूचा गवा होता. त्याच्या पुढे आणखी एक, त्याच्या पुढे गावातले सगळेच. खिंड एका वेळी दोन गव्यांची. तिथे पाच घुसले होते. शिंगं शिंगांत अडकली होती. पुढचा मागे येईना, मागचा थांबेना. शेकडो घंटा एकदम वाजत होत्या आणि त्या आवाजात कोणाचंच ओरडणं ऐकू येत नव्हतं.

मागे पट्ट्यावरची पहिली गंजी पेटली. मग दुसरी. वणवा अडखळला नाही. एका गंजीवरून दुसऱ्या गंजीवर उड्या घेत तो पट्ट्याच्या टोकापर्यंत गेला, आणि ज्वाळा कड्यांएवढ्या उंच झाल्या. असा वणवा त्या माळाने कधी पाहिला नव्हता.

"उतरा," गोजरा म्हणाली. "खालून जाऊ. पायांमधून वाट आहे."

सोनबाने खाली पाहिलं. खरंच, गव्यांच्या पोटांखालून काही जण चालले होते. ते चार म्हातारे, ते तीन गरीब. घाई न करता, एकामागून एक, वाकून.

"बाबा, मी चालते ना," ठकी म्हणाली. "मला रोजची सवय आहे."

ती घसरत खाली उतरली. गोजरा तिच्या मागोमाग उतरली आणि तिने नवऱ्याचा पाय धरला. "चला! अहो, चला म्हणते ना!"

सोनबाने एक पाय ह्या बाजूला घेतला. तो काटकीसारखा पाय हवेत लोंबकळत राहिला. त्याने तो पुन्हा वर ओढून घेतला.

"तुम्ही व्हा पुढे," तो म्हणाला. "मी गवा घेऊन आलोच. एवढं घातलंय ह्याच्यात, असा कसा सोडून येऊ? आता सुटेल रांग. बघ, पुढे हलतंय."

"काही हलत नाहीये हो!"

"व्हा पुढे, सांगितलं ना! ठकीला घेऊन जा!"

गोजराने एकदा धुराकडे पाहिलं, एकदा लेकीकडे, आणि नवऱ्याचा पाय सोडला. मायलेकी गव्यांच्या पायांच्या रानात शिरल्या. ठकी पुढे होती. लंगडत, पण न थांबता ती एकेका खुराला वळसा घालत गेली, आणि खिंडीपलीकडचा उजेड दिसेपर्यंत तिने मागे पाहिलं नाही.

नदीच्या पाण्यात कमरेपर्यंत उतरल्यावर तिने पाहिलं. खिंड तोंडापर्यंत गव्यांनी भरली होती. प्रत्येक गव्यावर एक ससा ताठ बसला होता, वेसण हातात धरून, पुढे बघत. त्यांच्यामागे आभाळ लाल झालं होतं. ठकीने दोन्ही हात वर करून बापाला हाक मारली, पण घंटांच्या आवाजात ती पोचली नाही.

तेवढ्यात पुढे कुठेतरी एका गव्याने मान फिरवली आणि दगडूचा गवा अर्धं पाऊल पुढे सरकला. सोनबाने घाईघाईने वेसण ओढली आणि मध्ये दुसरं कोणी घुसायच्या आत ती अर्ध्या पावलाची जागा भरून टाकली.