सेनापतीला गूळपाणी

एकदा एक डोंगरातले राज्य होते. एवढेसे, की सैन्य ठेवावे असे तिथे कधी कुणाला सुचलेच नाही. शेजारची दोन बलाढ्य राज्ये एकमेकांच्या जिवावर उठली आणि त्यांतल्या एकाची फौज, खिंड हवी म्हणून, सरळ या राज्यात घुसली. ना लढाई, ना आरोळी! दुपारपर्यंत धान्याच्या कोठारावर परका पहारा बसलासुद्धा.

राज्याचा कारभार एका वृद्ध आचार्यांच्या सल्ल्याने चाले. सेनापती त्यांच्या दारी आला. मोठा गोडबोल्या गृहस्थ! म्हणाला, "आम्ही तुमच्या रक्षणासाठीच आलो आहोत. रीतीप्रमाणे स्वागत करा, कोठार तुमचेच राहील."

तिथली रीत अशी, की उंबऱ्यावर ज्याला गूळपाणी दिले तो पाहुणा. तो आपण होऊन उठेपर्यंत त्याला 'जा' म्हणायचे नाही.

आचार्यांच्या शिष्याच्या घरी बाळंतीण बायको होती, आठ दिवसांची लेक होती. त्याने लगबगीने गूळ आणि पाण्याचा तांब्या पुढे केला. आणि ज्यांनी जन्मात कुणाला दारातून विन्मुख पाठवले नव्हते, त्या आचार्यांनी तो तांब्या सेनापतीसमोर उपडा केला.

"तहान लागली असेल, तर विहीर तिकडे आहे," ते म्हणाले.

संध्याकाळी कोठाराला कुलूप पडले. घरटी रोज पसाभर धान्य मिळेल, अशी दवंडी फिरली.

"आचार्य, हे काय करून बसलात!" शिष्य रडकुंडीला आला. "ते राहणारच आहेत. आपण थोडेच त्यांना अडवू शकतो?"

"नाही अडवू शकत. पण मला सांग, फौज आधीच आत आहे, मग त्यांना आपले गूळपाणी कशाला हवे? उद्या जगाला सांगायला, की आम्हाला यांनीच बोलावले. मग दुसरा राजा आपल्याला शत्रू समजेल. आणि युद्ध संपल्यावर या पाहुण्याला आपण कोणत्या तोंडाने उठवणार? अरे, हिसकावलेले परत मागता येते. आपल्या हाताने दिलेले कसे मागशील? माझाही जीव थाऱ्यावर नाही, बाबा. माझ्या वाट्याचे धान्य तुझ्या घरी ने."

सकाळी कोठारापुढे रांग लागली. शिष्याची पाळी आली तेव्हा सेनापती तिथेच उभा होता.

"काय, पंडित, आता तरी पटले ना? बोला, काय हवे?"

शिष्य म्हणाला, "आपण इथून केव्हा जाणार, तेवढे सांगा."

शिष्याने पसाभर धान्य उपरण्यात बांधले आणि तो बाजूला झाला. त्याच्यामागे एक म्हातारी होती. तिनेही धान्य घेण्याआधी तेच विचारले.